समुद्राच्या तळावर उतरलेलं विमान

माझा नवरा, तोरेमुरात त्याचं नाव, दर रविवारी दुपारी विमान उडवतो आणि इकडे माझं जेवण निवतं. लोकांचे नवरे पत्ते कुटतात, गप्पा छाटतात. माझ्या नशिबी वैमानिक आला, तोही गाडीच्या शेडमधला. नुकूस शहरात त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. तिथून सुटला की शेडमध्ये. भंगारातल्या विमानाच्या दोन खुर्च्या, मोडक्या बसची बटणं, माझ्या चांगल्या कपाटाची दारं कापून त्यावर बसवलेली, आणि समोर तीन मोठ्या स्क्रीन, त्यांत कंप्युटरचं आकाश. पहिल्यांदा ते हिरवे-पिवळे दिवे लागले तेव्हा, खरं सांगते, मीही तोंडात बोट घातलं होतं.

उजवीकडची खुर्ची सासऱ्यांची. ओरिनबाय बाबा मोयनाक या कोळ्यांच्या गावचे, जन्मभर समुद्रात जाळी टाकलेले. समुद्र आटत आटत गेला, मागोमाग गाव सुटलं, आणि ते आमच्याकडे येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. घास घशाखाली उतरेना. मग एका रविवारी तोरेमुरातने त्यांना हाताला धरून त्या खुर्चीत बसवलं आणि मोयनाकला नेलं. त्याच्या कंप्युटरमधला नकाशा जुना होता. त्यात गावाच्या पायाशी अजून समुद्र होता, निळाशार, नजर पोचेल तिथवर.

तेव्हापासून बाबा रविवारची वाट बघत जगू लागले. दार लोटलं की शेडमध्ये भरदुपारी संध्याकाळ व्हायची, बाबांच्या सुरकुत्यांवर निळा उजेड हलत राहायचा. "जरा डावीकडे घे, इथे वारा दगा देतो," ते पुटपुटायचे. मी दुधाचा चहा घेऊन दाराशी उभी असायचे आणि मलाही खारा वास यायचा, शप्पथ.

"अरे, सूप गार झालं!" मी ओरडायचे.

"विमान हवेत आहे, असा कसा उठू?"

"थांब, मीच आत येऊन उतरवते तुला!"

बाबा खुदकन हसायचे. ते हसावेत म्हणूनच तर मी ओरडायचे.

या वसंतात तोरेमुरातला नवं खूळ लागलं. नवा कंप्युटर, नवा नकाशा, आकाशातून काढलेल्या फोटोंवरून केलेला. "बाबांना आता एकेक लाट दिसेल बघ," म्हणाला. जुनं यंत्र सुटं करून विकूनही टाकलं. सगळं खरंखुरं दिसणार या आनंदात खरं काय आहे तेच हा शहाणा विसरला. अहो, मीही विसरले! इतके रविवार निळं पाणी बघून आमच्या डोक्यात समुद्र परत आला होता ना.

रविवारी मोयनाक आलं. पाणी आलं नाही. पांढरं मीठ, खुरटी झुडपं, वाळू. तोरेमुरातचा चेहरा उतरला. आता बाबा परत भिंतीकडे तोंड करणार.

"बाबा, चुकलं माझं. मागे वळवतो. जुनं कुठूनतरी शोधून आणतो."

"गप. पुढे चल."

बाबा स्क्रीनकडे झुकले होते. उघड्या तळावरून विमान जात राहिलं आणि ते बोटाने दाखवू लागले, "हा उंचवटा, इथे जाळी अडकायची. ही घळ, इथलं पाणी गार. आता उत्तरेला. हळू. हं, इथे उतर."

"बाबा, इथे धावपट्टी नाही."

"मला शिकवतोस? उतर म्हटलं ना!"

सगळे लाल दिवे पेटले, भोंगा कोकलू लागला, आणि विमान समुद्राच्या तळावर घासत जाऊन थांबलं. तोरेमुरातने इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.

"आयतबाय इथे बुडाला," बाबा म्हणाले. "माझा थोरला भाऊ. हाती लागलाच नाही. इथून नाव न्यायचो तेव्हा मान फिरवायचो. दुआ मागायला पायाखाली जमीन लागते रे."

त्यांनी तळवे वर धरले. तोरेमुरातने कानावरचे हेडफोन काढून ठेवले आणि तळवे उघडले. मी पिठाच्या हातांनी तशीच दारात उभी; डोळे पुसायचीही सोय नव्हती. दुआ संपली तसा बाबांनी चेहऱ्यावरून हात फिरवला आणि पाठ टेकली.

"चल आता घरी," ते म्हणाले. "आधी वळव, मग उडव. त्याच्या अंगावरून नको."