परातीतले पाय

तीन महिने माझ्या पायांनी मला नुसतं नाचवलं. सोयाबीनच्या निंदणात दिवसभर पायात गमबूट आणि बुटात पाणी. आधी बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, मग खाज तळव्यावर उतरली, तिथून घोट्यावर चढली. चारचौघांत बसलो तरी एका पायाने दुसरा घासणं चालूच. बायको म्हणायची, "शिलाई मशीन चालवून राह्यले का?"

मेडिकलवाल्याच्या मलमाने चार दिवस आराम पडायचा, पाचव्या दिवशी खाज दुप्पट. आमचा दोघांचा टॉवेल एकच, त्यामुळे महिनाभरात तिच्या मनगटावरही गोल चट्टा उठला. शेवटी वाशीमच्या डॉक्टरांनी आधी ती ट्यूब कचऱ्यात टाकली आणि मग आम्हाला झापलं. हा नायटा आहे, एकाचा दुसऱ्याला लागतो, नीट औषध घ्या.

औषधाला जेमतेम आठवडा झाला असेल, तेवढ्यात शिरपूरहून, माझ्या सासरहून फोन आला. लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना, जावयाने धोंडे खायला यावं. पुरणाचे धोंडे मला कोणीही, कधीही खाऊ घालावेत. अडचण जेवणाआधीची होती. आमच्याकडे सासरा परातीत जावयाचे पाय धुतो, आपल्या हातांनी. माझ्या सासऱ्यांना शुगर. जरा खरचटलं तरी महिनाभर पट्टी बांधून फिरतात. त्यांच्या हाताला हे लागलं तर?

"आधीच सांगून टाका नं," बायको म्हणाली. सांगतो म्हणालो आणि सांगितलं नाही. भाव खायची संधी तीन वर्षांतून एकदा येते, तिथे नायट्याची गोष्ट कुठे काढायची? मोजे घालून गेलो, दारातही काढले नाहीत.

पाट मांडला, परात आली. भावकीतल्या बाया भिंतीशी उभ्या, मेहुणीचा मोबाईल तयार. सासरे खाली बसले, माझ्या मोज्याला हात घातला, आणि मी पाय असा मागे ओढला की परातीतलं पाणी त्यांच्या धोतरावर.

"काय झालं, जवाईबापू?"

"मामाजी, हात नका लावू. मले पायाले नायटा झाला. तुमाले लागन."

मेहुणीचा मोबाईल खाली आला. माझे कान तापले. सासरे उठले आणि मागच्या दाराने बाहेर गेले. झालं, म्हटलं, रुसायचा मान जावयाचा आणि रुसला सासरा.

ते परत आले ते फवारणीचे हातमोजे चढवून. नवं पाकीट फोडलं होतं. निळं रबर थेट कोपरापर्यंत. "आना इकडं पाय," म्हणाले. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मलाही हसू आवरेना.

पाय धुऊन झाले. "डाक्टरनं काय सांगतलं?" त्यांनी विचारलं.

"बोटाच्या मंधात ओल राहू द्याची नाई म्हने."

मग त्यांनी एक जुनं मऊ फडकं मागवलं आणि एकेक बोट वेगळं करून बेचका पुसायला घेतला. जरासुद्धा घाई नाही. एवढा मोठा माणूस माझ्यापुढे वाकलेला पाहून मला भयंकर लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

करंगळीपाशी ते थांबले. वर न बघता हळूच म्हणाले, "लय खाजते का, बापू?"

तीन महिन्यांत सगळ्यांनी कुठून लागलं, कसं लागलं, एवढंच विचारलं होतं. त्या भरल्या घरात, सगळ्या बायांसमोर, मला रडू आलं.