गव्हावरची ज्वारी

जयवंताबाईच्या चक्कीवर दळणाचा डबा घेऊन येणारी बाई आधी ख्यालीखुशाली विचारत नाही. आधी विचारते, "कशावर टाकून राह्यली?" म्हणजे आधी कोणतं धान्य दळलं आणि त्याच्यावर माझं कोणतं पडणार. या एका प्रश्नावरून तिथं भांडणं झाली आहेत, दोन सख्ख्या जावा वर्षभर तोंड फिरवून बसल्या आहेत. कारण ज्वारीवर गहू टाकला की पोळीचा सत्यानाश. ती फुगत नाही, ताटात तुटते आणि पाहुण्यासमोर अब्रू जाते. गव्हावर ज्वारी टाकली तर मात्र कोणाचं काही बिघडत नाही. दगडात अडकलेलं गव्हाचं पीठ ज्वारीत उतरतं, तिला धरून ठेवतं, आणि भाकर थापताना चिरत नाही. हा कायदा पैनगंगेच्या अलीकडे बेल्याच्या आसपासच्या गावांत चालतो तसाच पलीकडे चालतो, त्याला तेलंगणा आणि महाराष्ट्र कळत नाही.

या कायद्याची न्यायाधीश म्हणजे जयवंताबाई. वय साठीला टेकलेलं, भुवयांवर कायम पिठाची साय. मालक अमृतराव शाळेत मास्तर होते, बौद्धवाड्यातलं मास्तराचं पहिलं घर त्यांचं. चक्की मात्र बाईची. तिनं ती हट्टानं बसवली तेव्हा वरच्या आळीतल्या बायका दळण डोक्यावर घेऊन बेल्यापर्यंत पायी जायच्या, पण तिच्या दारात डबा ठेवायच्या नाहीत. का, ते सांगायची गरज नाही. मग एका पावसाळ्यात नाल्याला पूर आला, चार दिवस रस्ता बंद, घरोघरचं पीठ संपलं. पाचव्या दिवशी वरच्या आळीतला पहिला डबा आला तो रेणुकाबाईचा. तिच्यामागून सगळा गाव आला, आणि कोणी कधी त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. जयवंताबाईनंही काढलं नाही, पण तो डबा ती विसरली नाही.

बाईची बोटं म्हणजे चमत्कार होता. खाली पडणाऱ्या पिठात ती हात घालणार, अंगठ्यानं चिमूट घासणार आणि सांगणार, दोन वर्षांची जुनी ज्वारी आहे, किंवा गव्हात तांदूळ मिसळलाय. एकदा टवाळ पोरांनी तिच्या डोळ्यांवर गमछा बांधून समोर सात वाट्या ठेवल्या. बाईनं सातही ओळखल्या, वर सातवीतलं दळण कोणाच्या घरचं तेही सांगितलं. या बोटांचा तिला गर्व होता, आणि का नसावा? अमृतराव चिडवायचे, की मी चाळीस वर्षं पुस्तकं चाळली आणि गाव सल्ला विचारतो हिच्या चिमटीला.

तर रेणुकाबाई. तिचा मुलगा खुशाल, सून पूनम, आणि त्यांची एकुलती एक पोर रुपा. पोर सहा वर्षांची झाली तरी चारची दिसायची. हातपाय काड्या आणि पोट मात्र तट्ट फुगलेलं. भिंतीचे पोपडे काढून खायची. जंताच्या गोळ्या झाल्या, रक्त वाढायचं औषध झालं, दृष्ट काढून झाली, आदिलाबादला दोन डॉक्टर झाले. शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरनं तोंडातून नळी घालून आतडं पाहिलं आणि सांगितलं, हिला गहू चालत नाही. गव्हातला चिकटपणा हिच्या आतड्याला जाळतो, खाल्लेलं अंगी लागू देत नाही. यावर औषध नाही. गहू आयुष्यभर बंद, जवही बंद, बाकी भात खा, ज्वारी खा, मका खा.

गाव अवाक झालं. गहू? ज्या घरी गव्हाची पोळी त्या घरी पाहुण्याचा मान, बाळंतिणीला गव्हाचा शिरा, आजाऱ्याला गव्हाची लापशी. रेणुकाबाईनं तर कपाळच बडवून घेतलं. पोर वाळत चालली म्हणून ती तिला रोज सकाळी तूप घालून शिराच भरवत होती. जयवंताबाईनं हे ऐकलं तेव्हा ती गव्हाच्या पोत्याकडे कितीतरी वेळ पाहत उभी राहिली. तीस वर्षं हे धान्य तिच्या हाताखालून गेलं होतं, आणि त्याच्या पोटात हे आहे याचा तिला पत्ता नव्हता.

खुशालच्या घरातून गहू गेला. रवा, मैदा, शेवया, बिस्किटं सगळं गेलं. पहिल्याच आठवड्यात रेणुकाबाईनं नातीच्या रडण्यापुढं हार खाऊन तिच्या हातावर अर्धं बिस्कीट ठेवलं आणि ती पकडली गेली. तेवढी एकच चूक, पण लक्षात राहण्यासारखी. मग तिनं नातीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. पोर चार महिने नुसत्या भातावर राहिली आणि काय सांगावं, पोट उतरलं, गालावर रंग आला, शाळेत पळायला लागली. फाल्गुनात नवी ज्वारी घरात आली तेव्हा रेणुकाबाईनं पहिली पायली स्वतः निवडली आणि चक्कीवर आली. म्हणाली, माझी नात आता भाकर खाणार.

जयवंताबाईला भरून आलं. त्या पुराच्या डब्याचं देणं फेडायची वेळ आली असं तिला वाटलं. तिनं डबा बाजूला ठेवून घेतला, गव्हाचं दळण येईपर्यंत वाट पाहिली, आणि त्या गव्हावर लगेच रुपाची ज्वारी टाकली. पोरीची भाकर लुसलुशीत व्हावी, तोंडात विरघळावी म्हणून. दगडात राहतो तेवढा गहू तिच्या हिशेबात गहूच नव्हता. दर आठवड्याला असंच. हे तिनं कोणाला सांगितलं नाही, माया काही कोणी सांगून करत नाही.

तीन महिन्यांत पोट पुन्हा फुगलं. पोर पुन्हा भिंतीला नखं लावू लागली. नागपूरला रक्त तपासलं तर या आजाराचा उतरलेला आकडा पुन्हा वर चढलेला. डॉक्टरनं खुशालला स्पष्ट विचारलं, घरात चोरून गहू कोण देतं?

घरात मोठी माणसं तीन. खुशालनं तोंडानं काही म्हटलं नाही, पण त्या दिवसापासून रुपाचं ताट पूनम वाढू लागली आणि म्हातारीनं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही असं ठरलं. सहा वर्षं नातीला आपल्या हातानं भरवणारी बाई ओसरीवर बसून आतल्या ताटाचा आवाज ऐकू लागली. खुशाल आईशी कामापुरतं बोलायचा, मग तेही थांबलं. रेणुकाबाई अर्धी झाली.

एका दुपारी ती डबा घेऊन चक्कीवर आली. चक्की बंद होती, वीज गेलेली. पायरीवर बसली आणि एकदम रडायलाच लागली. जयवंताबाईनं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. म्हातारी म्हणत होती, की मी एकदा चुकले, पण आता देईन का? मरता मरता वाचलेली पोर मी आपल्या हातानं मारीन का? जयवंताबाई म्हणाली, नाही काकू, तुमी देणार नाही. मग सहज विचारावं तसं तिनं विचारलं की पोर खाते काय काय. भात, वरण, भाजी, दूध आणि तुझ्या पिठाची भाकर, म्हातारीनं सांगितलं. आणि डोळे पुसता पुसता पुढं बोलून गेली,

"भाकर तर इतकी गोड उतरते जयवंता, कडेला एक चीर पडत नाही. पोळीसारखी दुमडते."

जयवंताबाईचा हात पाठीवर होता तिथंच थांबला.

ज्वारीची पिशवी आणि मागल्या दळणाचं थोडं पीठ उरलेला डबा ठेवून म्हातारी गेली. वीज आली तरी बाईनं बटन दाबलं नाही. पान्हा घेऊन तिनं अमृतरावांना चक्कीचा वरचा दगड उचलायला लावला, ते ओरडत राहिले की हे काय नवीन काढलं. सकाळी शेवटचं दळण ज्वारीचं झालं होतं. दगडाच्या खाचांत, लोखंडी घेराच्या कोपऱ्यात, पीठ पडतं त्या कापडी बाहीच्या शिवणीत पिवळसर पांढरं पीठ घट्ट बसलं होतं. गव्हाचंच, मागल्या दिवसाचं, त्याच्या मागल्याही. तिनं रुपाच्या डब्यातलं उरलेलं ज्वारीचं पीठ चिमटीत घेतलं आणि घासलं. बोटं म्हणाली, ज्वारी. पुन्हा घासलं. नुसती ज्वारी. सात वाट्या ओळखणारी बोटं, आणि ती छातीठोकपणे खोटं सांगत होती.

मग तिनं घरी जाऊन मूठभर ज्वारी मिक्सरमध्ये फिरवली, जो मिक्सर कधी गव्हाला शिवला नव्हता, आणि दोन भाकरी थापल्या. रुपाच्या डब्यातल्या पिठाची तव्यावर गोल, गुळगुळीत बसली. मिक्सरच्या पिठाची थापतानाच चारी बाजूंनी चिरली. बाई चुलीपुढं बसून दोन्हींकडे पाहत राहिली. अमृतरावांनी फोनवर शोधून वाचून दाखवलं, की असल्या पोरांना चिमटीत धरता येणार नाही इतका गहूसुद्धा बाधतो. बाई म्हणाली, "म्हणजे माझ्या बोटाले जे कळलं नाही ते त्या पोरीच्या आतड्याले कळलं." एवढंसं आतडं, आणि त्याची पारख तीस वर्षांच्या हातापेक्षा बारीक. तिला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर त्या भीतीत हात जोडावेत असं काहीतरी होतं.

अमृतरावांनी एक शहाणपणाची गोष्ट सुचवली. गुपचूप दुरुस्ती कर, पोर बरी होईल, बोभाटा कशाला? उद्या कोणाचंही पोट दुखलं तरी चक्कीचं नाव घेतील. आणि आपलं नाव घ्यायला या गावाला वेळ लागत नाही, हे त्यांनी म्हटलं नाही, पण दोघांनाही ऐकू आलं. बाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, पोर बरी होईल हो, पण म्हातारी ओसरीवरच मरेल.

दिवसाढवळ्या ती वरच्या आळीत गेली, दोन्ही भाकरी फडक्यात बांधून. खुशाल अंगणात कपाशीच्या फवाऱ्याचा पंप साफ करत होता, पूनम दारात, म्हातारी ओसरीवर, रुपा तिच्या मांडीवर डोकं ठेवून. जयवंताबाईनं भाकरी ओसरीवर ठेवल्या, कोणती कोणत्या पिठाची ते सांगितलं, आणि आठवड्याच्या आठवड्याला आपण काय करत आलो तेही सांगितलं.

"खुशाल, तू ज्याले शोधून राह्यला तो चोर मी आहे. तुझी माय नाही."

खुशालनं चिरलेली भाकर उचलली, मग न चिरलेली, पुन्हा चिरलेली. पूनम तोंडाला पदर लावून रडत होती. शेवटी तो ओसरीच्या पायरीवर आईच्या पायाशी बसला आणि मान वर न करता म्हणाला, "माय, पोरीले भरव." आणखी काही त्याला जमलं नाही. मग जयवंताबाईकडे वळून त्यानं विचारलं, "मावशी, तुमी सांगाले काऊन आल्या? आमाले तर कधीच समजलं नसतं."

जयवंताबाई म्हणाली की पुराच्या वेळचा तुझ्या मायचा डबा तुला माहीत नाही, तू तेव्हा लहान होतास.

त्यानंतर बाईनं जे केलं त्याला गाव आधी हसलं. मागच्या परसात वेगळी खोली होती, तिथं डाळी दळायची लहान चक्की होती. तिचे दगड बदलले, कापडी बाही नवी शिवली, आणि गहू त्या खोलीच्या दारातसुद्धा येणार नाही असं जाहीर झालं. पण बाई म्हणाली, गहू तर माझ्या केसात आहे, भुवयांत आहे, लुगड्यात आहे. म्हणून मंगळवारी मोठी चक्की सुरू करायच्या आधी ती डोक्यावरून आंघोळ करते, पेटीतलं वेगळं धुतलेलं लुगडं नेसते, आणि कोणाला न शिवता मागच्या खोलीत जाऊन रुपाची ज्वारी दळते. हे बघून रेणुकाबाई कौतुकानं म्हणाली, काय गं जयवंता, किती कडक सोवळं तुझं!

बाईनं चक्की थांबवली. "सोवळं म्हणू नका काकू. त्या शब्दानं माझ्या सासूले तुमच्या विहिरीवर चढू दिलं नाही. धुतलेलं लुगडं म्हणा." रेणुकाबाई हळूच म्हणाली, बरं, धुतलेलं लुगडं. आणि गावात तोच शब्द रुळला. आज मंगळवारी सकाळी कोणी डबा घेऊन आलं तर अमृतराव वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगतात, थांबा, बाई धुतलेल्या लुगड्यात आहे. बेला आणि जैनथकडून आणखी दोन घरांची ज्वारी आता त्या खोलीत येते, त्यांच्याही लेकरांना हाच आजार. इतकी वर्षं ती लेकरं कुठं होती, कोणाच्या चक्कीवरचं खात होती, या विचारानं बाई अजून हबकते.

कार्तिकात रुपाचं रक्त पुन्हा तपासलं. आकडा उतरला होता, इतका की डॉक्टरनं खुशालला विचारलं, चोर सापडला का? खुशाल म्हणाला, सापडला, स्वतःच घरी आला.

त्याच दिवशी संध्याकाळी रुपा एकटीच धावत चक्कीवर आली. आजीनं फडक्यात गरम भाकर बांधून दिली होती, जयवंताबाईसाठी. चक्कीवर सात-आठ बाया होत्या, कशावर टाकून राह्यली म्हणून भांडत होत्या. भाकर कडेनं चारी बाजूंनी चिरली होती, मधूनही एक मोठी भेग गेली होती. तीस वर्षांत कोणी अशी भाकर आणून दाखवली असती तर जयवंताबाईनं लाजेनं मान खाली घातली असती. तिनं ती दोन्ही हातांवर घेतली, एकेकीच्या डोळ्यांपुढं नेली आणि प्रत्येकीला विचारलं, "पाह्यली का? माझ्या पिठाची आहे."