पट्टीवरला नळ

तवा त्या खोलीत कोन कोन हुतं ते आधी सांगते, म्हंजी मागनं घोळ नगं. टायपिंगच्या हापिसाचे मालक, त्यांला आमी शेठ म्हनायचो. वरवंडचा पट्टीवाला. कवठे येमाईची नवी सून सुरेखा. न्हावऱ्याची मंदा. शिरूरचीच दोन पोरं, संतोष आन् बाळ्या. आन् झाडलोट, चहा-पानी बघनारी मी. शिरूरला पेठेत धान्याच्या दुकानावर खोली हुती. खाली पोती, वर कंप्यूटर. मोबाईल तवा कुठं कुठं दिसाय लागले हुते.

पट्टीवाल्याशी तुमी बोलत बसा, त्याचं ध्यान तुमच्या तोंडाकडं नसायचंच. त्यो तुमच्या डोक्याच्या जरा वर बघायचा. पैल्यांदा मला वाटलं, माझ्या पदराला काय चिकाटलंय का काय. मग कळलं, त्याच्या डोक्यात सदा कंप्यूटरची वरची कड आसायची. काचेवर अगदी वर, बोटभर रुंदीची एक पट्टी त्यो बसवत हुता. कामाला बसलं की तिच्यात घड्याळ चालू, उठलं की बंद. कोन किती येळ बसलं ते शेठला कळावं, म्हनून त्याला आनला हुता. म्हनून त्याला समदी पट्टीवाला म्हनायची. खरं नाव घेतलेलं त्याला आवडायचं बी न्हाई. म्हनायचा, "नाव काय मावशी, आई-बापानं ठिवलं. पट्टी माझी मी केलीया."

"वर का बसवतोस रं? खाली बसव की," म्या एकदा म्हनलं.

"खाली ठिवली तर मान घालून बघावं लागंल. घड्याळापुढं मानसानं मान घालू ने मावशी."

त्याची काम करायची तऱ्हा येगळीच. कंप्यूटरला हात लावायच्या आधी पुठ्ठ्याची एक लांब पट्टी कापायचा, माझ्या चहाच्या टेबलावर ठिवायचा आन् चिंचोके मागायचा. "हा चिंचोका म्हंजी काम. हा चहा. हा जेवान. जागा एवढीच हाय. आता सांगा, कुठला आधी ठिवू?" मी चौथी शिकल्याली बाई, मला काय कळतंय? पर त्यो इचारायचा तसा कोनी मला कवा इचारलं न्हवतं. मी चिंचोके सरकवायची. त्यो बघत ऱ्हायचा, आन् मी हात कुठं नेताना थांबते ते मनात ठिवायचा.

चहा, जेवान आसली अक्षरं त्यानं घातलीच न्हाईत. "घाईत मानूस वाचत न्हाई, बघतो," आसं म्हनायचा. म्हनून समदी चित्रं. चहाचा कप काढला तवा म्या म्हनलं, "आरं, कपाला बशी न्हाई?" तर म्हनतो, "बशीला जागा न्हाई मावशी. फुरके मारू नका म्हनावं." मंदा त्या दिवशी हसून हसून खुर्चीवरनं पडायची ऱ्हायली.

आता नळाचं सांगते. पट्टी यायच्या आधी कोनी जाग्यावरनं उठलं की शेठ म्हनायचे, "निघाली सवारी." आन् तेवढा येळ पगारातनं जायचा. संडास खाली, दुकानाच्या मागं, हमाल लोक बी त्योच वापरायचे. जिना उतरून जायचं आन् चढून यायचं म्हंजी येळ लागनारच. पट्टीवाल्याला ते पटलं न्हाई. त्यानं शेठला तोंडावर सांगितलं, "शेठ, लघवीला जानं म्हंजी कामचुकारी न्हवं. मी त्याला येगळं चित्र देतो. त्या येळंचा पैसा तुमी कापायचा न्हाई." शेठ कुरकुरले, पर व्हय म्हनले. मग त्यानं नळ काढला. तोटी, तिच्याखाली एक थेंब. आन् पट्टीत समद्यांची नावं तेवढी अक्षरात घातली. ज्याच्या त्याच्या नावापुढं ज्याचं त्याचं चित्र. कोन जेवतंय, कोन बाहेर गेलंय ते समद्यांला दिसावं, कुनी उगा हाका मारू ने, म्हनून. त्या दिवशी त्यानं येताना चौफुल्यावरनं भेळ आनली. लगीन ठरल्यावानी खूश हुता.

पट्टी चालू झाली आन् त्यो दौंडला गेला. तिथल्या एका हापिसात तसलंच काम मिळालं हुतं.

हितं काय झालं, तर पोरी लघवीला उठल्या की नळ दाबाय लागायचा, न्हाईतर पैसा कापला जायचा. नळ दाबला की समद्यांच्या काचेवर वर नळ. पैल्याच दिवशी बाळ्या वराडला, "नळ आला रं!" संतोष म्हनला, "सुरेखावैनी, मोटर चालू झाली का?" शेठ बी गालात हसले. पोरं वाईट न्हवती. हसायच्या वयाची हुती. पर सुरेखाचं तोंड लाल झालं आन् मंदानं ओढनी तोंडावर घेतली. त्या दिवसापासनं त्या दोघी नळ दाबंनात. चहाच्या सुट्टीत एकदा जाऊन यायच्या, मग सांजच्यापतूर न्हाई. आन् जावं लागू ने म्हनून पानी बी पिईनात.

मी म्हनायची, "घ्या गं घोटभर." सुरेखा म्हनायची, "नगं मावशी, तान न्हाई." मला त्यात नवं काय वाटनार? आमी जन्मभर तेच केलं. मी खुरपायला जायची तवा मालकाच्या बांधावर गडी बसल्याले आसायचे, दिवस बुडंस्तवर दाबून धरायचं. धनी वारल्यावर गवंड्याच्या हाताखाली पाट्या टाकल्या, तिथं बी तेच. पोट दुखायचं, ताप यायचा, जायचा. बाईच्या जातीला ते हायच, आसं आमी धरून चालायचो.

पर सुरेखा गरवार हुती. चौथा सरून पाचवा लागला हुता. तिला घडीघडीला जावंसं वाटायचं आन् ती मांडी घट्ट करून टायपत बसायची. कमरंत दुखतंय म्हनाय लागली. मग थंडी वाजून ताप आला. पट्टीवाला त्याच दिवशी दौंडहून आला हुता, पट्टी कशी चाललीया ते बघाय. त्यो दारात उभा आन् सुरेखा खुर्चीवरनं खाली. त्यानं पळत जाऊन जीप आनली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं.

दवाखान्यात बाई डॉक्टर हुत्या. तपासून रागावल्या, "लघवीचं इन्फेक्शन पार आतपतूर गेलंय. पानी पीत न्हवतीस? दाबून धरत हुतीस? या दिवसांत? का गं?"

सुरेखा म्हनली, "उठलं की नळ दाबाय लागतो. समद्यांला दिसतंय."

डॉक्टरला काय उमगलं न्हाई. "कसला नळ?" म्हनल्या. पट्टीवाला पडद्याच्या भायेर उभा हुता. त्याला उमगलं. मी पडदा सारून बघितलं तर त्यो भिंतीला टेकला हुता आन् पैल्यांदाच माझ्या डोक्याच्या वर बघत न्हवता. माझ्या तोंडाकडं बघत हुता. म्हनला, "मावशी, तुमी मला का न्हाई सांगितलं?"

"गड्यामानसाला हे कसं सांगायचं रं?" म्या म्हनलं.

"व्हय," म्हनला. "मी बी इचारलं न्हाई. पोरींला चिंचोके दिलेच न्हाईत."

पहाटं सुरेखाचं पोर गेलं. पोरगा हुता. कवठ्याहून सासू आली. पदर तोंडात कोंबून बसली आन् एकच म्हनली, "कंप्यूटरनं खाल्लं माझं नातवंड." तिला ठावं न्हवतं, कंप्यूटरवाला कोन ते. त्यो तिथंच बाकड्यावर हुता. तिला पानी द्याय उठला, तांब्या हातात घेतला, आन् तसाच उभा ऱ्हायला. मी त्याच्या हातातनं तांब्या घेतला.

दुसऱ्या दिशी त्यो हापिसात आला आन् कंप्यूटरपुढं बसला. नळ पुसला. कप पुसला. ताट पुसलं. समद्यांची नावं पुसली. नुसता एक ठिपका ठिवला. बसलं की हिरवा, उठलं की करडा. कशाला उठलं त्ये न्हाई.

शेठ म्हनले, "आरं, हे काय? कोन कशाला उठलं ते मला कळाय नगं का?"

"न्हाई शेठ. ते कुनालाच कळायचं कारन न्हाई."

"मी पैसे कशाचे दिले मग?"

"घड्याळाचे. घड्याळ चालू हाय."

शेठचा आवाज चढला. "तू काय बाळंतपनाचा डॉक्टर हायस का? ती आजारी पडली त्याला मी काय करू? पयलं हुतं तसं कर, न्हाईतर चालाय लाग."

त्यो चालाय लागला. संतोष उठून त्याच्यामागं जिन्यापतूर गेला. "दादा, आमी गंमत केली हुती," आसं कायतरी म्हनत हुता. पट्टीवाल्यानं त्याच्या खांद्यावर हात ठिवला आन् जिना उतरला.

मी त्याला एस्टी स्टँडवर सोडाय गेले. चौफुल्याची गाडी लागली हुती. म्या म्हनलं, "बाळा, तू चांगल्यासाठीच केलं हुतंस." त्यो म्हनला, "तेच टोचतंय मावशी. वाईट करायला गेलो आसतो तर येवढं टोचलं नसतं. त्यो थेंब चितारताना मी किती खूश हुतो." गाडीत बसला. खिडकीतनं हात केला न्हाई. कुनी म्हनलं बंगळूरला गेला, कुनी म्हनलं परदेशात. वरवंडला त्याचे आई-बाप बी पुढं भावाकडं गेले. घराला कुलूप.

शेठनी दुसरा मानूस आनून बघितला, पर त्याला ती पट्टी काय उघडाय आली न्हाई. हापीस बंद पडस्तवर ठिपकाच ऱ्हायला. पोरी उठायच्या, जायच्या, यायच्या. बाळ्या मान वर करायचा न्हाई.

सुरेखा लई दिवस घरातच बसून हुती. पुढं तिला पोरगी झाली, मग पोरगा. आता कवठ्यातच शिवनकाम करती. मागच्या मैन्यात भेटली तवा तिनं आपनहून इचारलं, "मावशी, पट्टीवाल्या दादांचा काय पत्ता?" म्या म्हनलं, न्हाई गं. तर म्हनली, "त्यांनी जीप आनली नसती तर मी बी गेले आसते. हे त्यांला कुनी सांगितलंच न्हाई." मला एवढ्या वर्सांत ते सुचलं न्हवतं. त्याला बी सुचलं नसंल.

म्हनून वाचनाऱ्याला एवढीच इनंती हाय. वरवंडचा, कंप्यूटरवर पट्ट्या करनारा, बोलताना तुमच्या डोक्यावर बघनारा मानूस कुठं भेटला, तर त्याला सांगा, सुरेखा जिती हाय, आन् तिनं त्याला कवठ्याला जेवाय बोलावलंय.