गाव कुठे गेलं?

अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये, आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांचं नाव मला अजून ठाऊक नाही. सगळेच त्यांना काका म्हणतात. मूळचे नागपूरचे. दोन मिनिटांसाठी आलो म्हणतात आणि तासभर बसतात. मुलांचं गणित बघताना 'चूक' हा शब्द कधीच वापरत नाहीत. उत्तर खरं मानून पुढच्या चौकशा करतात.

त्या रविवारी माझी मुलगी रडकुंडीला आली होती. घातांकी घटीची, म्हणजे दर वर्षी ठरावीक टक्क्यांनी कमी होत जाणाऱ्या संख्यांची उदाहरणं होती. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, पण तालुक्याच्या शाळेत मराठीतून शिकलेलं तिला सांगताना अडखळत होतो. शेवटी ती म्हणाली, "बाबा, आय ॲम ड्रॉपिंग ऑनर्स मॅथ." म्हणजे वरच्या पातळीचं गणित सोडून ती साध्या वर्गात जाणार होती.

तेवढ्यात काका आले. त्यांनी वही ओढली. गावात दोन हजार लोक, दर वर्षी पाच टक्के कमी होतात, तर वर्षानंतर किती? तिचं उत्तर होतं शंभर.

"अरे बाप्पा! वर्षभरात गाव रिकामं? वाघ आला का?"

ती खुदकन हसली. "नो काका! फक्त शंभर लोक गेले."

"पण तू तर शंभरच ठेवले. बाकीच्यांना परत बोलाव ना!"

ती थबकली. पाच टक्क्यांऐवजी पंच्याण्णव टक्क्यांनी गुणलं आणि तशीच पुढच्या उदाहरणाकडे वळली. मी वाकून बघायला लागलो, तर म्हणाली, "बाबा, जा ना, आय गॉट इट."

असं हाकललं जाण्याचं एवढं सुख मला कधी झालं नव्हतं. मी काकांसाठी चहा टाकला.