मागच्या सीटचं माप

सोलापूरचे रस्ते आमच्या ह्यांना डोळ्यांनी माहीत आहेत, मला माकडहाडानं. हे गाडी चालवतात आणि मी मागे बसते, तेही साडी नेसून, एका बाजूला. पुढच्याला खड्डा आधी दिसतो. तो पाय रोवतो, बूड जरा उचलतो आणि निभावून नेतो. मागचीला खड्डा होता हे खड्डा गेल्यावर कळतं. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांच्याकडे फार काही मागितलं नाही. खड्डा दिसला की नुसतं ‘हं’ म्हणा, एवढंच म्हटलं होतं. तेही त्यांना जमलं नाही. स्पीडब्रेकर मागे पडला की म्हणायचे, "होता बघ."

गाडी मात्र देखणी. आहे नवी, पण वळण जुनं. गोल दिवा, फुगीर टाकी, आणि आवाज असा की तो गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला की मी भाकरी तव्यावर टाकते. ह्यांना तरुणपणापासून असली गाडी हवी होती. मुलीचं लग्न उरकलं आणि हे शोरूममध्ये जाऊन बसले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हे सुपरवायझर आहेत. रोज त्या गाडीवरून एकटे जातात, एकटे येतात. आणि एक रविवार आड आम्ही दोघं मैंदर्गीला जातो. तिथं माझी थोरली बहीण असते. मी तिला अक्का म्हणते.

हा रविवारचा प्रवास मला अतिशय आवडतो. आठवडाभर मी मशीनवर वाकून दुसऱ्यांची ब्लाऊज शिवत असते आणि हे कारखान्यात असतात. घरात आमचं बोलणं म्हणजे गॅस संपला, लाइट बिल आलं, भेंडी जून निघाली. गाडीवर बसले की मात्र ह्यांना कंठ फुटतो. तोंड पुढे, वारा माझ्या कानात, त्यातलं निम्मं मला ऐकू येत नाही. तरी बोलतात. कुंभारीपर्यंत कारखाना, मग लहानपण, आणि अक्कलकोट ओलांडलं की स्वतःशीच गाणं.

मग माझी कंबर धरली. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं, मणक्यात गॅप आहे, टू-व्हीलर बंद. तशी आमच्या गल्लीत पन्नाशीच्या पुढं मणक्यात गॅप नसलेली बाई शोधून सापडणार नाही, म्हणून मी गोळ्या घेतल्या आणि टू-व्हीलरचं कानाआड केलं. सीटवर जुन्या चादरीची चौपदरी घडी घालून बसायला लागले. चादरीनं बसायला मऊ झालं, दणका तसाच राहिला. मैंदर्गीला पोचल्यावर अक्काच्या दारात मी पाच मिनिटं नुसती उभी राहायची, वाकता येईना.

एकदा ती माझी उभी राहण्याची तऱ्हा बघून हे म्हणाले, "गाडी न्हाय बंद करायची. शॉकप बदलू. पुढचं-मागचं दोन्ही. तुझ्या पाठीसाठी."

मला इतका आनंद झाला की शिवायला आलेल्या दोन बायकांना मी ते सांगितलंसुद्धा. आमच्याकडे नवऱ्यानं बायकोच्या पाठीसाठी मलम आणल्याचंही कधी ऐकलेलं नाही.

त्यानंतर महिनाभर हे मोबाइलवर शॉकपचेच व्हिडिओ बघत होते. जेवताना मला सांगायचे, कंपनीची स्प्रिंग सगळ्यांसाठी एकच असते, त्यामुळे ती कुणालाच नीट बसत नाही. मी म्हटलं, म्हणजे रेडीमेड ब्लाऊज. ते म्हणाले, व्हय, तसंच.

विजापूर वेशीजवळ एक फिटर असली कामं करतो. वयानं लहान, बोलायला इंजिनापेक्षा जोरात. काम झालं त्या दिवशी ह्यांनी मला मुद्दाम बरोबर नेलं. पुढच्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांत, नवीन स्प्रिंगा आणि जाड ऑईल घालून झालं होतं, मागे दोन्ही बाजूंना नवे काळे शॉकप चमकत होते. फिटर म्हणाला, आता माप घ्यायचं. गाडी रिकामी असताना किती उंच राहते आणि माणूस बसल्यावर किती दबते, त्यावर स्प्रिंग किती आवळायची ते ठरतं. शॉकपवर एक रिंग असते, तिला पाच खाचा. पहिली सगळ्यांत सैल, पाचवी सगळ्यांत कडक. वजनाच्या मानानं सैल राहिली तर गाडी खाली टेकते, कडक झाली तर दबतच नाही आणि दणका थेट पाठीत. मला हे लगेच पटलं. माप म्हटलं की माझा विषय.

त्याला टेप सापडेना. मी पर्समधला माझा टेप काढून दिला. मागच्या चाकाच्या बोल्टपासून सीटखालच्या खुणेपर्यंत त्यानं रिकाम्या गाडीचं माप घेतलं. मग हे बसले, दोन्ही पाय वर घेतले, मी हँडल धरलं, त्यानं परत माप घेतलं. वाकडा पाना लावून रिंग फिरवली, पुन्हा मोजलं. मी पदर खोचला. आता मला बसवतील, म्हणून चप्पलसुद्धा नीट घातली.

फिटरनं हात पुसले. "हो गया साब. दुसरी खाच. एकदम परफेक्ट."

"आन् मी?" मी विचारलं.

त्यानं ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "भाभी, मी फोनवर विचारलं ना साबना, सेटिंग सिंगल की डबल? साब बोले सिंगल."

मी ह्यांना म्हटलं, "तुमी सिंगल सांगितलं?"

"मग? रोज एकटाच जातो की कारखान्याला," हे म्हणाले. "त्यानं विचारलं, जास्त करून कसं. मी खरं ते सांगितलं."

खरंच होतं ते. खोटं असतं तर भांडता आलं असतं. मला वाईट वाटलं. राग नंतर आला, आधी वाईटच वाटलं. माझ्या पाठीसाठी म्हणून निघालेलं काम, आणि मापात मला धरलंच नाही. मी शिवणारी बाई आहे. अंगावर माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. इथं माझा टेप वापरून मलाच वगळलं होतं.

"गुस्सा नक्को भाभी," फिटर म्हणाला. "बसा, दोन मिनिटात डबलचं माप घेतो."

"राहू दे," मी म्हटलं. "मी काय गॅसची टाकी हाय व्हय, आठवण झाली की चढवायला?"

फिटर ह्यांना हळूच सांगत होता, साब, भाभी बसल्या की चौथी करा, उतरल्या की दुसरी, पाना घरी ठेवा. माझा अंदाज घेताना त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, तेही मला आवडलं नाही. मी रिक्षा केली आणि घरी आले. रागात टेप तिथंच राहिला.

पुढच्या रविवारी ह्यांनी गाडी पुसली, चादरीची घडी सीटवर ठेवली आणि दारातून म्हणाले, "चल की."

"सिंगलची गाडी हाय. सिंगल जावा."

हे मनधरणी करणाऱ्यांतले नाहीत आणि मी लवकर उतरणाऱ्यांतली नाही. मी एसटीनं अक्कलकोटला गेले, तिथून सीटमागे पैसे घेणाऱ्या वडापच्या जीपनं मैंदर्गी. अक्कानं दारातच कानडीत विचारलं, "यजमानरु यल्लि?" नवरा कुठाय? मी म्हटलं, गाडीवर जागा नाही. तिनं सगळी हकीगत काढून घेतली आणि पोट धरून हसली. "सिट्टु बंदद निनग," म्हणाली, तुला राग आलाय, दुसरं काही नाही. निघताना तिनं ह्यांच्यासाठी शेंगापोळ्या बांधून दिल्या. त्यातल्या निम्म्या मी जीपमध्येच खाल्ल्या. मला रागात भूक लागते.

असेच रविवार जात राहिले. प्रत्येक वेळी हे एकदाच विचारायचे, "चल की." मी म्हणायची, "न्हाय." मग ते पेपर उघडायचे आणि मी पिशवी उचलायची. एसटीत शेजारी बसलेल्या बायका बोलायच्या, पण मला त्यांचं सगळं ऐकू यायचं, त्यात मजा नव्हती. ह्यांचं ते अर्धं ऐकू येणारं बोलणं मला आठवायचं. तरी हट्ट सोडवेना. ह्यांनी एकदा नुसतं ‘चुकलं’ म्हणावं, एवढ्यासाठी मी अडून बसले होते.

दरम्यान ह्यांची पाठ दुखायला लागली. संध्याकाळी गाडीवरून उतरताना कमरेवर हात. आमच्याकडे तेव्हा ड्रेनेजसाठी रस्ते उकरलेले होते. बुजवलेल्या चरांवर गाडी कुत्र्यासारखी उड्या मारत यायची, ते मी खिडकीतून बघायची. रोज जेवणानंतर मी ह्यांच्या पाठीला मलम चोळून द्यायची. चोळता चोळता टोमणाही मारायची, "एवढे भारी शॉकप, आन् पाठ कशी दुखती?"

"वय झालं," हे म्हणायचे.

मनातून मला जरा बरंही वाटायचं. म्हटलं, भोगा. सिंगल सांगितलं होतं ना?

एका सकाळी शिवताना माझ्या हातून लाल रीळ सुटलं आणि उंबऱ्यावरून थेट अंगणात, गाडीखाली गेलं. कंबर सांभाळत मी खाली बसले. रीळ मागच्या चाकापाशी होतं. हात घातला आणि नजर शॉकपवर गेली. शिवणाऱ्या बाईला खुणा मोजायची खोडच असते. मी रिंगेच्या खाचा मोजल्या. मला वाटलं चुकले, म्हणून परत मोजल्या. दुसऱ्या बाजूला जाऊन तिकडच्याही मोजल्या. दोन्हीकडे रिंग शेवटच्या खाचेवर होती. रिंगेवरचा रंग पान्यानं खरवडून निघाला होता, म्हणजे फिटरनं नाही, कुणीतरी घरी, जोर लावून फिरवली होती.

हे टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आले.

"ही खाच कितवी हाय?" मी विचारलं.

"पाचवी," हे म्हणाले. चोरी सापडल्यासारखं तोंड झालं होतं.

"कवा केली?"

"त्याच दिवशी. घरी आल्यावर."

"रोज एकटं जाता आन् दोघांची करून ठेवलीय?"

"मग काय करू?" हे चिडूनच बोलले. "तू कुठल्या रविवारी व्हय म्हणशील काय नेम? तू व्हय म्हणायची आन् मी तितं पाना फिरवत बसायचं. तेवढ्यात तुझं मन पालटलं म्हंजे?"

"पण त्यानं चौथी सांगितलीती."

"चौथीवर गाडी खाली टेकली, तुला दणका बसला, तर तू परत बसली असतीस का?"

मी रिळाचा सुटलेला दोरा गुंडाळत उभी राहिले. उकरलेल्या रस्त्यांवरून हा माणूस रोज माझं रिकामं वजन घेऊन जात होता, मी नसताना माझे दणके खात होता, आणि रात्री त्याच पाठीला मलम लावताना मी त्याला टोमणे मारत होते. डोळ्यांत पाणी आलं. मला स्वतःचा राग आला, आणि ह्यांचाही आला. पाचवी खाच करता येते, मग तोंडानं चार शब्द का सांगता येत नाहीत?

"साडी बदलून येते," मी म्हटलं. "फिटरकडं जाऊ."

"कामाला उशीर होतोय की."

"होऊ दे."

फिटरनं रिंग बघून कपाळावर हात मारला. "साब, पाचवी? इसपे तो लोगां दो दो गॅस की टाकी..." एवढं बोलून त्याला काहीतरी आठवलं, माझ्याकडे बघून तो गप्प झाला. माझा टेप त्यानं जपून ठेवला होता. जपून म्हणजे, तेलानं इतका काळा झाला होता की इंचांचे आकडे अंदाजानंच वाचायचे. हे पुढे बसले, मी मागे, एका बाजूला, नेहमीसारखी. शेजारच्या दुकानदारानं गाडी सरळ धरली. माप घेतलं, रिंग फिरवली, पुन्हा घेतलं.

"तिसरी," फिटर म्हणाला. "तिसरी बस झाली. भाभी, दिसता तेवढं वजन न्हाय तुमचं."

"टेप माझा हाय," मी म्हटलं. "तो खोटं बोलायचा न्हाय."

तिथून ह्यांनी मला घरी सोडलं. माझी कंबर त्या दिवशी बरी झाली असं काही नाही, ती अजूनही धरते, आणि डॉक्टरांना आम्ही यातलं काही सांगितलेलं नाही. पण सात रस्त्याच्या पुढे हे नेहमीप्रमाणे म्हणाले, "होता बघ," आणि मला खरंच कळलं नव्हतं. मी मागे वळून बघितलं तेव्हा स्पीडब्रेकर दिसला.

त्या रविवारी आम्ही मैंदर्गीला गेलो. अक्कानं मला गाडीवरून उतरताना बघितलं आणि आत जाऊन जास्तीचं पीठ मळायला घेतलं. येताना हे सगळा रस्ता बोलत होते. मला निम्मंच ऐकू आलं.

सोमवारी सकाळी हे डबा घेऊन बाहेर आले तेव्हा मी अंगणात पाना घेऊन बसले होते. एका बाजूची रिंग फिरवून झाली होती, दुसरीकडची जरा कडक जात होती.

"काय करायलीस?" हे म्हणाले.

"दुसरीवर आणते. एकटं जायचं तर एकट्याचीच ठेवा. पाठीचं काय करून घेतलंय बघा."

ह्यांनी डबा सीटवर ठेवला. मग माझ्या हातातून पाना घेतला, राहिलेली रिंग फिरवली आणि विचारलं, "आन् रविवारी?"

"रविवारी मी हाय की," मी म्हटलं.