चक्राच्या जागी पंखा

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि बाबांचा ब्रश वाळेनासा झाला. रोज कुठे ना कुठे नवं दुकान, नवा बोर्ड. बाबा चौथी शिकलेले पेंटर, आणि मी आमच्या बीरगांवच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. प्रत्येक बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात ते बोटाएवढा हिरवा पोपट काढायचे. तीच त्यांची सही.

त्या वर्षी पंधरा ऑगस्टच्या दोन दिवस आधी कॉलेजात गलका उठला. शंकर नगरच्या चौकात एका पंखे विकणाऱ्या दुकानदारानं बोर्डावर भलामोठा तिरंगा रंगवून घेतला होता आणि अशोकचक्राच्या जागी चक्क निळा पंखा! खाली दुकानाचं नाव.

"चलो रे, सब चलो!"

वर्गात हात वर करायलाही मी दहादा विचार करायची. पण त्या दिवशी सगळ्यांबरोबर धावले. चौकात घोषणा सुरू झाल्या आणि माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच पहिल्यांदा कळलं. अंगावर काटा येत होता. आपण देशासाठी काहीतरी करतोय असं खरंच वाटत होतं.

दुकानदार हात जोडून म्हणाला, "मैंने तो बस देशभक्ति वाला कुछ बनाने को कहा था. पंखा पेंटर ने डाला."

"तो पेंटर का मुँह काला करेंगे," आमच्या पुढाऱ्यासारखे वागणारे एक सीनियर भैया ओरडले, "उसी के डिब्बे से!"

सगळे हसले. मीही हसले. आणि तेवढ्यात मला कोपऱ्यातला पोपट दिसला.

मी दोन पावलं मागे सरले. गुपचूप निघून गेले असते तर कोणाला कळलंही नसतं. पण चहाच्या टपरीवरून कोणीतरी म्हणालं, "अरे, ये तो तोते वाला है, बीरगांव का." दोन मुलांनी लगेच गाडीला किक मारली.

"भैया, रुको," मी म्हणाले. "वो मेरे बाबा हैं."

"तेरे? तू तो सबसे जोर से चिल्ला रही थी!"

"हाँ. गलती है तो है. पर मुँह काला मत करना. मैं उनको लाती हूँ, वो सुधार देंगे."

भैयांनी गाडीवरच्या मुलांना हातानं थांबवलं आणि मान डोलावून म्हणाले, "हव, जा."

एका दीदीच्या स्कूटीवर बसून मी घरी गेले. ऐकताना बाबांचा चेहरा उतरला.

"दुकानदारच म्हणे, चक्राच्या जागी आपला पंखा टाक. मले बरंच वाटलं पोरी. चक्राले चोवीस आरे. एखादा कमी-जास्त झाला तर झेंड्याचा अपमान होते ना! पंख्याले तीनच पाती, चुकायची भीतीच नाही."

अपमान होऊ नये म्हणून त्यांनी चक्र टाळलं होतं! मला हसू आलं आणि रडूही.

चौकात येताच दुकानदाराच्याच शिडीवर बाबा चढले. पंखा खरवडला, पांढऱ्या रंगाचा हात दिला. तो वाळेपर्यंत कोणी हललं नाही. मग खिळ्याला दोरी बांधून त्यांनी गोल आखला आणि एकेक आरा काढू लागले. खाली सगळे मोठ्यानं मोजत होते. वीस, इक्कीस... "चौबीस!" आणि अख्ख्या चौकानं टाळ्या वाजवल्या.

"पर झंडे पे इश्तेहार नहीं चलता," भैया म्हणाले. बाबांनी दुकानाचं नाव पांढऱ्या रंगानं झाकलं. दुकानदार बाबांची नजर चुकवत शिडी धरून उभा होता. मग बाबांचा ब्रश पोपटाकडे गेला.

"बाबा, तो राहू द्या ना!"

"काहून? तो बी माही जाहिरातच होय."

दोन फटक्यांत पोपट गेला. बाबा खाली उतरले. रंगाचा डबा मी उचलला आणि भर चौकातून, सगळ्यांच्या देखत, त्यांच्या शेजारून चालत निघाले.