गोल फिरणारी आणि डुलणारी

साकोलीला हायवेच्या कडेला आमचं गाड्या रंगवायचं दुकान होतं. माझे यजमान रंग मारायचे, मी घासकाम करायची. ऐंशी सालानंतर केव्हातरी यांच्या बोटांतली जाणीव जायला लागली. रोज जड, हादरे देणारी पॉलिश मशीन धरून हात कामातून गेले होते. कपातला चहा सांडायचा. "मुंग्या आल्या," एवढंच म्हणायचे.

तेव्हाच एका राईस मिलवाल्याची काळी मोटार आली. बाभळीच्या काट्यांनी दोन्ही बाजू ओरबाडलेल्या, आणि त्यांच्या घरी लग्न. यांनी आधी बॉनेटवर मशीन टेकवली, ती हातातून ओढली गेली. काठावरचा रंग जळून खालचं तांबडं अस्तर उघडं पडलं. हे तिथंच खाली बसले.

"माहा हात मले आइकत नाही व," म्हणाले. दुसरं काही येत नव्हतं आम्हाला.

नागपूरच्या एका दुकानात जुनी मशीन देऊन नवी, हाताला हलकी ऑर्बिटल पॉलिश मशीन मिळत होती. जुनी पोत्यात बांधून आम्ही एसटीनं गेलो. दुकानदारानं मोटारीचा भंगारातला दरवाजा पुढे ठेवला आणि त्यावर ऑर्बिटल चालवून दाखवली.

"तुमची गोल फिरते, म्हणून कापते आनि जाळते. हे डुलत डुलत फिरते. रंग जळत नाही, पन खोल ओरखडा बी निघत नाही, भाऊ."

यांनी ऑर्बिटल हातात घेतली. ती हातात राहिली. कितीतरी महिन्यांनी यांचा चेहरा सैल झालेला पाहिला. "हेच घेऊ," म्हणाले.

मी दरवाजा उन्हात धरला. चमक आली होती, पण ओरखडे जागच्या जागी होते.

"आनि ह्याचं काय करता?" मी एका ओरखड्यावर बोट ठेवलं.

"मंग जुनी कोन चालवन?" यांनी विचारलं.

"मी चालवीन."

दुकानदार हसला. हे हसले नाहीत. त्यांनी ऑर्बिटल खाली ठेवली. पोतं पुन्हा बांधलं. परतीच्या एसटीत भंडारा गेला, लाखनी गेली, तरी पोत्यावरचा हात काढला नाही.

घरी एका जुन्या पत्र्यावर मी शिकले. दोनदा रंग जाळला. तिसऱ्यांदा मशीन पोटावर आदळली तेव्हा मी रडले. हे बाजेवरून सांगत होते, "काहून दाबून राहिली? थांबू नको एका जागी. काठाले कागदी पट्टी लाव." आवाज चढत गेला आणि मग फुटला. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

बॉनेट नव्यानं रंगवावं लागलं. दोन्ही बाजूंचे ओरखडे मी जुन्या मशीननं काढले. मोटार न्यायला मालक आले, दारावरून तळवा फिरवला आणि यांना म्हणाले, "हात अजून तसाच आहे तुमचा."

हे माझ्याकडे न बघता "हो जी" म्हणाले. मी पॉलिशच्या चिंध्या गोळा करत राहिले. त्यानंतर मी मशीन सुरू केली की हे उठून तलावाच्या पाळीवर जाऊन बसायचे. आवाज बंद झाल्यावरच परतायचे.